‘कॉन्टॅक्ट्स वाढवा’ म्हणजे नेमकं काय करा?

पुण्यातल्या एका इंटिरियर डिझाइन कॉलेजात मी आठवड्यातून दोन दिवस शिकवायला जाते. तिथे मागच्या फेब्रुवारीत शेवटच्या वर्षाच्या मुलांसाठी ‘प्रोफेशनल नेटवर्किंग’ या विषयावर दीड तासाचं सत्र झालं. वक्ते चांगले होते. स्वतःचा मोठा स्टुडिओ, बोलणं गमतीदार, वेळेवर आले आणि मानधनही घेतलं नाही. त्यांनी मुलांना सांगितलं की लिंक्डइनवर रोज अर्धा तास घालवा, इन्स्टाग्रामवर आठवड्याला तीन पोस्ट टाका, प्रदर्शनाला जाताना खिशात शंभर कार्डं ठेवा आणि येताना शंभर दुसऱ्यांची घेऊन या. शेवटच्या स्लाइडवर ‘तुमच्या ओळखी हीच तुमची संपत्ती’ अशा अर्थाचं एक इंग्रजी वाक्य होतं. मुलांनी त्याचे फोटो काढले.

मग प्रश्न विचारायची वेळ आली. तिसऱ्या रांगेतून एक मुलगी उठली. बार्शीची आहे, माझ्या स्टुडिओच्या तासाला असते. ती म्हणाली, “सर, माझ्या ओळखीत इंटिरियर करून घेणारं कोणीच नाहीये. मी सुरुवात कुठून करू?”

“अगं, घरापासून कर! काका, मामा, बाबांचे मित्र. फॅमिली ग्रुपवर टाक की मी आता डिझायनर झाले.”

सगळे हसले, ती पण हसली आणि खाली बसली. तिचे वडील एसटीत वाहक आहेत. मामांची कोरडवाहू शेती आहे. त्या अख्ख्या फॅमिली ग्रुपमध्ये गेल्या पाच वर्षांत झालेलं एकमेव इंटिरियर म्हणजे मामींच्या स्वयंपाकघरात बसवलेली कडप्प्याची मांडणी, आणि ती गवंड्याने एका दुपारी बसवून दिली होती. हे तिनेच मला नंतर सांगितलं, चहा पिताना, अगदी सहज.

मला त्या वक्त्यांचा राग आलेला नाही. त्यांना पहिलं काम त्यांच्या आतेभावाच्या फ्लॅटचं मिळालं होतं, हे त्यांनी भाषणाच्या सुरुवातीलाच प्रांजळपणे सांगितलं होतं. माझा राग आहे तो या सल्ल्यावर, आणि तो सल्ला अभ्यासक्रमाचा भाग म्हणून देणाऱ्या आम्हा शिकवणाऱ्यांवर. कारण ज्याला आपण आज नेटवर्किंग म्हणतो, त्याला आपल्याकडे फार जुना शब्द आहे: वशिला. वशिला म्हटलं की निदान लाज तरी वाटायची. त्याचं कौशल्य करून टाकल्यावर ज्याच्याकडे तो नाही त्याच्यावरच ठपका येतो, की बाबा रे, तूच कमी पडलास.

आता कोणी म्हणेल की सगळ्याच धंद्यांत ओळख लागते, इंटिरियरमध्ये वेगळं काय? वेगळं आहे. भारतात आर्किटेक्ट ही उपाधी १९७२च्या कायद्याने राखलेली आहे. कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंद नसेल तर स्वतःला आर्किटेक्ट म्हणवता येत नाही. इंटिरियर डिझायनरसाठी असा कोणताच कायदा नाही. आपल्याकडे संस्था आहेत, त्यांची सदस्यत्वं आहेत, पण ती घेतलीच पाहिजेत असं नाही. अमेरिका-कॅनडात एनसीआयडीक्यू नावाची परीक्षा असते, ती पूर्ण करायला शिक्षणाबरोबर ठरावीक तासांचा कामाचा अनुभवही दाखवावा लागतो. इथे उद्या सकाळी माझ्या शेजाऱ्यांनी दारावर ‘इंटिरियर डिझायनर’ अशी पाटी लावली तर त्यांना अडवणारं कोणी नाही. मग चार वर्षं शिकलेली मुलगी आणि ते शेजारी यांच्यात गिऱ्हाइकाने निवड कशी करायची? ओळखीने. जिथे परवाना नसतो तिथे ओळख हाच परवाना होऊन बसतो, आणि तो परवाना जन्माने मिळतो.

तसं हे क्षेत्र उभंच ओळखीवर राहिलं, हेही कबूल केलं पाहिजे. या व्यवसायाच्या इतिहासात जिचं नाव अगदी सुरुवातीला घेतात ती एल्सी डी वुल्फ आधी नटी होती. १९०५ साली तिला न्यूयॉर्कच्या कॉलनी क्लबचं मोठं काम मिळालं. त्या क्लबच्या संस्थापक बायकांमध्ये तिची जोडीदारीण एलिझाबेथ मार्बरी होती, आणि इमारतीचा वास्तुविशारद स्टॅनफर्ड व्हाइट तिच्या ओळखीचा होता. काम तिने उत्तम केलं. जड पडदे आणि काळपट लाकूड काढून टाकून तिने तिथे उजेड आणला, हे खरंच. पण न्यूयॉर्कमध्ये त्या वेळी एखाद्या मोलकरणीच्या मुलीला हीच दृष्टी असती, तर ती आपल्याला कळलीही नसती. आम्ही वर्गात एल्सी डी वुल्फ शिकवतो तेव्हा रंगसंगती शिकवतो. ती मार्बरीची गोष्ट परीक्षेला येत नाही.

नेटवर्किंगच्या भाषणांत हटकून येणारा दुसरा आधार म्हणजे मार्क ग्रॅनोव्हेटर. या समाजशास्त्रज्ञाने १९७३ साली ‘द स्ट्रेंग्थ ऑफ वीक टाइज’ नावाचा लेख लिहिला. माणसाला नोकरीची खबर जिवलग मित्रांपेक्षा लांबच्या ओळखीच्यांकडून जास्त मिळते, असं त्यात आहे. ज्यांना ओळखीतून नोकरी मिळाली होती, त्यांच्यातल्या सुमारे १७ टक्के लोकांचीच त्या ओळखीच्या माणसाशी वरचेवर भेट होत होती. बाकीच्यांची कधीमधी किंवा क्वचित. यावरून आमचे वक्ते निष्कर्ष काढतात की जास्तीत जास्त अनोळखी माणसांना कार्डं वाटा. पण लेख मुळातून वाचला तर दिसतं की ही माणसं बोस्टनजवळच्या एका उपनगरातली, नुकतीच नोकरी बदललेली, व्यावसायिक आणि तांत्रिक कामं करणारी होती. आणि त्या ‘लांबच्या’ ओळखी कोण होत्या? कॉलेजातला जुना मित्र, आधीच्या ठिकाणचा सहकारी, जुना मालक. म्हणजे बरोबर शिकलेले, बरोबर काम केलेले लोक. ओळख कामातून आपोआप तयार झाली होती आणि पुढे कधीतरी उपयोगी पडली. समारंभात सरबताचा ग्लास हातात धरून झालेली ती ओळख नव्हती. बावीस वर्षांच्या, अजून कुठेच काम न केलेल्या मुलीला हा लेख कसा लागू करायचा, हे मला कोणी सांगावं.

बरं, काम करून ओळख व्हावी म्हणून तर इंटर्नशिप असते ना? असते. आमच्याकडे एक अख्खं सत्र असतं. बार्शीच्या मुलीला कर्वेनगरला कॉट बेसिसवरची जागा, मेस आणि बसचा पास मिळून महिन्याला नऊ-दहा हजार लागतात. तिला दोन ऑफिसांनी मुलाखतीला बोलावलं. एकाने तीन हजार देऊ केले. दुसऱ्याने, ज्याचं नाव जास्त मोठं, काहीच नाही. “आमच्याकडे तुला एक्स्पोजर मिळेल, कॉन्टॅक्ट्स मिळतील.” तिच्या वर्गातली औंधची मुलगी तिथे गेली. ती हुशार आहे, तिच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण ती जाऊ शकली कारण ती घरी जेवते. कॉन्टॅक्ट मिळवायला जी फी पडते ती अशी कुठेच छापलेली नसते. आणि गंमत पाहा, अप्रेंटिसेस ॲक्ट, १९६१ खाली नोंद झालेल्या शिकाऊ उमेदवाराला स्टायपेंड द्यावाच लागतो. कारखान्यातल्या फिटरच्या हाताखालच्या पोराला जे कायद्याने मिळतं, ते चार लाख फी भरलेल्या आमच्या मुलांना ‘एक्स्पोजर’च्या नावाखाली मिळत नाही, कारण त्यांची तशी नोंदच कोणी करत नाही.

आता जरा अवघड भागाकडे येते. हा भाग मी दोनदा लिहून खोडला होता.

मुलांना ज्या नेटवर्कमध्ये शिरा म्हणून आपण सांगतो, ते आतून कसं चालतं? गेल्या वर्षी एका लॅमिनेट कंपनीने हॉटेलात ‘नेटवर्किंग नाइट’ ठेवली होती आणि कॉलेजकडून चाळीस मुलं मागवली होती. कॉलेजने पाठवली. मुलांना गळ्यात अडकवायला बिल्ले मिळाले, पनीर टिक्का मिळाला आणि एक ॲप डाउनलोड करायला लावलं. पुढे ज्या साइटवर त्या कंपनीचा माल लागेल त्या मालाचा कोड स्कॅन केला की पॉइंट मिळतात. ठरावीक पॉइंट झाले की परदेशाची सहल. शिक्षण पुरं व्हायच्या आत मुलांना हे समजलं की लॅमिनेट निवडायचं ते गिऱ्हाइकाच्या घरासाठी नसून बँकॉकसाठी.

यात नवीन काही नाही. ॲडहेसिव्हच्या डब्यात सुतारासाठी कूपन असतं, टाइल्सवाल्याकडे डिझायनरचं पाकीट असतं. पाच टक्के, दहा टक्के, दिव्यांच्या दुकानात त्याहूनही जास्त. मी हे ऐकीव सांगत नाही. मी घेतलं आहे. २००४ सालापासून पुढची बरीच वर्षं घेतलं. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटच्या आसपास माझे ठरलेले दोन दुकानदार होते. दिवाळीला मिठाईच्या डब्याबरोबर हिशेब यायचा. मी त्याला मनातल्या मनात ‘समन्वयाचं मानधन’ असं नाव दिलेलं होतं. सगळेच घेतात, शिवाय गिऱ्हाईक डिझाइनची फी द्यायला खळखळ करतं, मग डिझायनरने जगायचं कसं? हा युक्तिवाद अगदीच खोटा नाही. आपल्याकडे लोक प्लायचे पैसे देतात, ड्रॉइंगचे देताना त्यांच्या जिवावर येतं.

माझं थांबलं ते एका निवृत्त शिक्षक जोडप्यामुळे. सिंहगड रोडला दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, आयुष्यभराच्या बचतीतून केलेलं काम. शेवटी एक लॅमिनेटची शीट कमी पडली. मी बाहेरगावी होते, म्हणून काका स्वतःच रिक्षा करून त्याच दुकानात गेले आणि शीट घेऊन आले. मी आठवड्याने साइटवर गेले तर टीपॉयवर दोन बिलं शेजारी शेजारी ठेवलेली होती. माझ्यामार्फत आलेल्या शीटचं आणि त्यांनी स्वतः आणलेल्या शीटचं. माल तोच, कोड तोच. त्यांची स्वस्त होती. काका काही बोलले नाहीत. काकूंनी पोहे केले होते, ते मी खाल्ले. उरलेले पैसे त्यांनी दुसऱ्या दिवशी चेकने पाठवले, ठरल्याप्रमाणे, पूर्ण.

त्यानंतर मी करारात एक ओळ घातली की दुकानदाराकडून मिळणारी सूट गिऱ्हाइकाच्या बिलात जाईल. परिणाम असा झाला की माझं ‘नेटवर्क’ दोन वर्षांत निम्मं झालं. दुकानदार पार्ट्यांना बोलवेनासे झाले. मी सांगितलेला माल उशिरा येऊ लागला. दोन ठेकेदारांनी माझ्या गिऱ्हाइकांना परस्पर सांगितलं की मॅडमची कामं फार रेंगाळतात. आणि ती रेंगाळायचीच, माल उशिरा येत होता ना! म्हणून जेव्हा कोणी व्यासपीठावरून सांगतं की ओळखी जपा, संबंध बिघडवू नका, तेव्हा मला विचारावंसं वाटतं, कोणाशी आणि कोणाच्या खर्चाने?

मग मुलांनी काय करावं? घरी बसावं? हा आक्षेप मला आमच्या विभागप्रमुखांनीही घेतला आणि तो रास्त आहे.

माझं स्वतःचं उदाहरण देते. १९९९ साली मी पहिल्यांदा एकटीने साइट सांभाळली. कपाटाचं ड्रॉइंग मोठ्या ऐटीत मिस्त्रींच्या हातात दिलं. जमिनीपासून छतापर्यंत एकसंध शटर, उंची सव्वाआठ फूट. मिस्त्री राजस्थानचे, वयाने माझ्या वडिलांएवढे. त्यांनी कागद बघितला, उलटा केला, परत सुलटा केला आणि म्हणाले, “मॅडम, शीट आठ फूट की आती है. ऊपर के तीन इंच कहाँ से लाऊँ?”

प्लायची शीट आठ बाय चार फुटांची असते, हे मला पाठ होतं. परीक्षेत लिहिलंही होतं. पण त्या आकड्याचा माझ्या रेघेशी काही संबंध आहे हे त्या क्षणी कळलं. मिस्त्रींनीच मग पेन्सिलीने दाखवलं, खाली सात फुटांचं शटर, वर वेगळा लॉफ्ट, आणि शटर कापून उरलेल्या पट्ट्यांत ड्रॉवरच्या बाजू कशा निघतात ते. त्या दुपारी मी जेवढं शिकले तेवढं एका सत्रात शिकले नव्हते. पुढची दोन वर्षं आम्ही चार-पाच कामं केली. मग त्यांनीच मला सहकारनगरच्या एका कुटुंबाकडे नेलं. त्या लोकांना त्यांनी माझी शिफारस काय केली असेल? माझ्या कलादृष्टीबद्दल एक शब्द नाही. “ये मॅडम कटिंग के बाद ड्रॉइंग नहीं बदलती, और शनिवार की खर्ची शनिवार को देती है.” आजवरच्या आयुष्यात मला मिळालेलं सगळ्यात उपयोगी प्रशस्तिपत्र हेच.

यालाही नेटवर्किंगच म्हणायचं असेल तर म्हणा, शब्दावरून भांडायची माझी इच्छा नाही. पण ही ओळख होण्यासाठी मला मिस्त्रींना काही विकायचं नव्हतं. मी चुकले, त्यांनी दुरुस्त केलं, पैसे वेळेवर दिले, आणि दोन वर्षं गेली. ती दोन वर्षं गाळून नुसती ओळख कशी मिळवायची, याची युक्ती त्या दीड तासाच्या सत्रात शिकवतात.

मात्र मिस्त्रींच्या जगाचं मी सोवळं चित्रही रंगवणार नाही. त्यांची माणसं त्यांच्या गावची, बहुतेक त्यांच्याच जातीची. गावाहून आलेल्या पोराला पहिलं वर्ष जेवण आणि झोपायला साइटवरची फरशी, पगार नावापुरता. म्हणजे बिनपगारी इंटर्नशिप त्यांच्याकडेही आहे, फक्त तिला कोणी एक्स्पोजर म्हणत नाही. आणि त्या जगात बाई नाही. मला ‘मॅडम’ होऊन बाहेरून शिरता आलं. सुताराच्या मुलीला रंधा हातात घेऊन आतून शिरता आलं असतं का? पंचवीस वर्षांत मी एकही बघितलेली नाही.

आमच्यासारख्या शिकवणाऱ्यांकडून माझी अपेक्षा फार मोठी नाही. बिनपगारी इंटर्नशिपला क्रेडिट देणं बंद करावं. एवढं एक केलं तरी निम्मी मोठी नावं स्टायपेंड द्यायला लागतील, कारण त्यांची कामं या मुलांच्या हातांवर चालतात. कॉलेजचे माजी विद्यार्थी कुठे आहेत, कोण किती पैसे देतं, कोणी इंटर्नला रात्री अकरापर्यंत बसवून ठेवलं, याची यादी ऑफिसात उघडी ठेवावी, म्हणजे ज्यांच्या घरी अशी माहिती सांगायला कोणी नाही त्यांना ती भिंतीवर वाचता येईल. कंपन्यांच्या पार्ट्यांना गर्दी म्हणून मुलं पुरवू नयेत. आणि कमिशन या विषयावर एक तरी तास घ्यावा, कोणीतरी घेतलेल्या माणसाने.

लाजाळू मुलांना चार माणसांत बोलायला, फोन करायला, धड ईमेल लिहायला शिकवावं, यालाही माझी हरकत नाही. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांची तर इंग्रजी ईमेलपाशीच बोबडी वळते, मी रोज बघते. ते शिकवणं आमचं कामच आहे. पण त्याला भाषेचा तास म्हणा.

बार्शीच्या मुलीने ती तीन हजारांची इंटर्नशिप घेतली आणि रविवारी माझ्या वाघोलीच्या साइटवर यायला लागली. तिथले मिस्त्री आता माझ्या जुन्या मिस्त्रींचे पुतणे आहेत. तिसऱ्या रविवारी ती शीटचं कटिंग स्वतः मांडून घेऊन आली, दोन शीट वाचवलेल्या होत्या. एप्रिलमध्ये तिला गावाकडून एक काम आलं, मेडिकल स्टोअरच्या रॅकचं, दहा बाय बारा फुटांचं दुकान. तिच्या वडिलांच्या डेपोतल्या एका सहकाऱ्याच्या मेहुण्याचं. हो, ओळखीनेच! मी त्यावरून तिला चिडवलं, तर तिने मलाच विचारलं, “मॅडम, तिथला प्लायवाला आठ टक्के देतो म्हणतोय. फी तर ते फक्त पाच हजार देणार आहेत. काय करू?”

मी तिला टीपॉयवरच्या दोन बिलांची गोष्ट सांगितली. तिने सगळी ऐकून घेतली. मग म्हणाली, “पण तोपर्यंत तुमचा फ्लॅट झाला होता ना?”

झाला होता. मी तिला तसं सांगितलं. मग आम्ही दोघी बसून तिचं फीचं पत्रक लिहिलं, ड्रॉइंगचे किती, साइटला जाण्याचे किती, बसभाड्यासकट, एकूण अठरा हजार. दुकानदाराने अजून होकार दिलेला नाही. कॉलेजातून मात्र परवा मेसेज आला की यंदाचं नेटवर्किंगचं सत्र मी घ्यावं. मी कळवलं की घेईन, पण शनिवारी सकाळी दहाला, टिंबर मार्केटमध्ये, आणि मुलांनी बंद चपला घालून यावं. तिथे सर्टिफिकेट द्यायची सोय होईल का, असं त्यांनी विचारलंय.